चषकावरचं नाव पुसा, मैदानातलं पाणी काढा

प्रति,
कोल्हापूर महापालिकेचे ८१ नगरसेवक, स्वतःच्या नावाचे चषक भरवणारे सर्वपक्षीय नेते आणि त्यांचे संयोजक यांस

सप्रेम नमस्कार.

मी कोणत्या पेठेचा, हे या पत्रात लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मं कोल्हापूर इथंच वाचायचं थांबेल आणि उरलेलं निम्मं न वाचताच 'बरोबर हाय भावा' म्हणेल. दिवसा उद्यमनगरात लेथवर काम करतो. हलगी आमच्या घरात पिढीजात. आजोबा आणि चुलते खासबागेत कुस्त्यांना वाजवायचे, मी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत आमच्या तालमीच्या संघासाठी वाजवतो. पोरगी आठवीत आहे, तीही फुटबॉल खेळते. या खेळात माझं जे काही अडकलंय ते एवढंच: पेठ, हलगी आणि पोरगी.

या हंगामात एका स्पर्धेच्या गेटवर आमची हलगी आणि घुमकं अडवलं. कारण विचारलं तर म्हणाले, वाद्यांनी पोरं चेकाळतात, भांडणं लागतात. बरं म्हटलं, वाद्यं बाहेर ठेवली. आत गेलो तर व्यासपीठाच्या दोन्ही अंगाला माणसाच्या उंचीचे स्पीकर, आणि त्यावर एका नेत्याच्या नावाचं गाणं. कॉर्नर किकला तेच, खेळाडू पडला तरी तेच. शिट्टी ऐकू येत नव्हती म्हणून रेफ्रीला हातवारे करावे लागत होते. या आवाजाने मात्र कुणी चेकाळत नाही, असं संयोजकांचं मत असावं. गेटवरच्या पोराला मी दोष देत नाही, त्याला वरून तसं सांगितलं होतं. वर कोण बसतं ते गावाला ठाऊक आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

कोल्हापूरबाहेर कुणी हे वाचत असेल तर थोडं सांगतो. आमच्याकडे फुटबॉल कुणा कंपनीने आणलेला नाही. पेठेपेठेत तालमी होत्या, लाल मातीत कुस्ती चालायची आणि त्याच पोरांनी स्वातंत्र्याच्या आधीपासून फुटबॉलही धरला. म्हणून आमच्या संघांची नावं आजही पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी आहेत. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी आणि असे कितीतरी. हिवाळ्यात हंगाम सुरू होतो, पावसाच्या तोंडाला संपतो, आणि तोवर दोन पेठांमधली सोयरीकसुद्धा मॅचच्या तारखा बघून ठरते. २०२२ च्या विश्वचषकात मेस्सी आणि नेमारचे कटआउट इथल्या चौकाचौकात इतके उंच लागले होते की टीव्हीवाले बघायला आले. पण मेस्सीचा कटआउट लावणाऱ्या पोराला आधी तालमीच्या अकरा जणांची नावं पाठ असतात. हे टीव्हीवाल्यांना दिसलं नाही.

फुटबॉलमध्ये राजकारण आणू नका, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तालीम आणि राजकारण आमच्याकडे कधी वेगळं नव्हतं. या गावातले किती नगरसेवक तालमीच्या कट्ट्यावरून वर आले ते तुम्हीच आठवून बघा. शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, ते राजकारणच होतं. १९१२ ला खासबागेचं मैदान खुलं झालं, तेही माझ्या लेखी राजकारण होतं. मैदान मध्ये खोल, बैठक चढत गेलेली, शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकंच दिसावं अशी. तिथं कुस्ती बघायला हमालापासून सरदारापर्यंत सगळे यायचे. ज्या राजाने हे केलं त्याने त्या मैदानाला स्वतःचं नाव दिलं नव्हतं, ते मागाहून जोडलं गेलं. तेव्हा तुम्ही राजकारण करता याबद्दल माझं भांडण नाही. तुम्ही फार स्वस्तातलं करता, हे माझं भांडण आहे.

पहिली तक्रार नावाची, ती पटकन उरकतो. संघ उतरतो तेव्हा छातीवर तालमीचं नाव असतं. कमानीवर, चषकावर, बाहीवर, पाण्याच्या बाटलीवर तुमचं. एका पक्षाच्या नेत्याने लाखांचं बक्षीस लावलं की दुसऱ्याचा आकडा त्याच्यावर गेलाच पाहिजे. आकडा वाढला की तालमीवर दडपण येतं, बाहेरचा खेळाडू आणा. नायजेरियाचे आले, गोव्याचे आले, चांगलं खेळले, आमची पोरं त्यांच्याकडून शिकली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. (त्यांच्या रंगावरून गॅलरीतून जे ओरडलं जातं, त्याबद्दल आहे. शाहूंचं नाव घेणाऱ्या गावाला ते शोभत नाही, आणि हे मी गॅलरीत उभं राहूनही बोललोय.) पण या चढाओढीत तालमीची वर्षाची गंगाजळी हंगामातच आटते, आणि चौदा वर्षांखालच्या पोरांना चेंडू मागच्या सालचेच. सत्काराचं तर बोलायलाच नको. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. शाल, श्रीफळ, फेटा आणि 'ज्यांच्या शुभहस्ते' यात ते किती लांबतं, हे थंड पडलेल्या पायांनी पुन्हा धावणाऱ्या पोरांना विचारा.

दुसरी तक्रार भांडणांची आहे, आणि तिच्यावर मी जरा थांबणार आहे.

मारामारी होते. दगड पडतात. दोन पेठांचा सामना म्हटला की बंदोबस्त लागतो, दुकानदार शटर ओढतात. मी काही नाकारत नाही. ईर्षा हा आमचा गुण आहे आणि दुखणंही. पण दगड पडल्यानंतर काय होतं, ते पेपरात येत नाही. अठरा-वीस वर्षांच्या पोरांवर गुन्हे दाखल होतात. रात्री चौकीबाहेर एखादी आई पदर तोंडाला लावून उभी असते, आणि तिथं तुमचा माणूस पोचतो. 'साहेबांनी निरोप दिलाय, काळजी करू नका मावशी.' वकील मिळतो, जामीन होतो. पोरगं सुटतं आणि त्या दिवसापासून तुमचं होतं. निवडणुकीत तुमचे फलक तेच बांधतं, तुमच्या गाडीपुढं मोटारसायकल तेच पळवतं. केस मात्र तिथंच असते. तारखा पडत राहतात. मग कधीतरी पोलीस भरतीची नाहीतर कंपनीची चारित्र्य पडताळणी येते आणि ती केस वर निघते. त्या दिवशी साहेबांचा फोन लागत नाही.

माझ्या शेजारच्या मशीनवर असाच एक जण आहे. त्याच्या डाव्या पायाचा क्रॉस बघायला लोक दुसऱ्या पेठेतून यायचे. त्याला सैन्यात जायचं होतं. आता तो दिवसभर जॉब लावतो आणि संध्याकाळी एका नेत्याच्या संपर्क कार्यालयाबाहेर खुर्च्या मांडतो. मला कुणी सांगावं, या पोराच्या ईर्षेचा फायदा नक्की कुणाला झाला. तालमीला झाला नाही. तो मैदानातून गेल्यापासून आमची डावी बाजू मोकळीच आहे.

म्हणून माझा सरळ आरोप आहे: भांडणं थांबण्यात तुमचं हित नाही. ती थांबली तर चौकीबाहेर उभ्या राहणाऱ्या आया कमी होतील, आणि तुमच्याकडे येणारी पोरंही. हे खोटं असेल तर पुढं जे मागतोय ते करून दाखवा.

तिसरी दुखापतीची. आमच्या एका पोराचा गुडघा एका चषकाच्या सामन्यात गेला. मैदानावर स्ट्रेचर होतं, डॉक्टर नव्हता. ज्या चार जणांनी त्याला उचललं त्यांतल्या एकालाही गुडघा कसा धरायचा ते माहीत नव्हतं. शस्त्रक्रियेसाठी पेठेने वर्गणी काढली. भाजीवाल्या बायकांनीही दिले. ज्या स्पर्धेत तो पडला तिचं पहिलं बक्षीस त्याच्या उपचाराच्या खर्चापेक्षा मोठं होतं. समारोपाच्या भाषणात 'खेळाडू घडवणारे नेतृत्व' हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

आणि मैदान. आमच्या गावात तळी फार होती, ती बुजवत बुजवत आम्ही मैदानं केली. शाहू स्टेडियम रावणेश्वर तळ्याच्या जागेवर, गांधी मैदान वरुणतीर्थाच्या. पाण्याला जुना रस्ता आठवतो, त्यामुळे दर पावसाळ्यात गांधी मैदानाचं पुन्हा तळं होतं आणि आजूबाजूचं सांडपाणीही त्यात येतं. हे सगळ्यांना माहीत आहे, तुम्हालाही, कारण तुमच्या मोठ्या सभा तिथंच होतात. सभेच्या आधी मुरूम कुठून येतो, रोलर कुठून येतो, आणि पोरांनी सरावासाठी तेच मागितलं की अंदाजपत्रकाची अडचण कशी येते, हे कोडं मला सुटलेलं नाही. नोव्हेंबर २०२० पासून महापालिकेवर प्रशासक होता, म्हणून तुम्ही म्हणायचात, आमच्या हातात काही नाही. पटायचं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. प्रचारात तुमच्यातले कितीतरी जण आमच्या कट्ट्यावर बसून, चहा पिऊन, 'फुटबॉल म्हणजे आमचा जीव की प्राण' म्हणून गेलात. आता हातात आहे.

पोरगी पहाटे उठून मैदानावर जाते, कारण उजाडल्यावर तिथं क्रिकेटवाले येतात, मग गाडी शिकणारे, मग कुणाचं तरी प्रदर्शन. तिच्या संघाची एकही मॅच संध्याकाळी भरल्या गॅलरीपुढं झालेली नाही. मुलींच्या मॅच कडक उन्हात उरकतात, फायनलच्या आधी मैदान मोकळं असेल तर. कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही. तिने मला विचारलं, आपल्या तालमीचा मुलींचा संघ का नाही. मी तालमीत विचारलं. उत्तर आलं, स्पॉन्सर मिळत नाही. बाटलीवर छापायला नावं आहेत तेवढी, आणि यासाठी नाही.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. चौकाचौकात त्याचे फलक लागले, त्याच्या फोटोपेक्षा मोठे तुमचे फोटो असलेले. पोरगा घडला मात्र घर सोडून, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. एवढं वेड असलेल्या गावात राहून त्याला पुढं जाता आलं नाही, हे फलकावर कुणी लिहिलं नाही. पुण्यात २०१४ साली मोठा पैसा घालून एफसी पुणे सिटी उभी राहिली, इंडियन सुपर लीग खेळली, २०१९ ला बंद पडली. आमच्या तालमी तिच्या आधी होत्या, तिच्यानंतरही आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच तालमींची पोरं कमरेभर पाण्यात उतरली होती, त्या वेळी कुणी पेठ विचारली नाही. अशा संस्था विकत आणता येत नाहीत. असलेल्या जपायला मात्र फार लागत नाही: एक सपाट मैदान, एक शिकलेला प्रशिक्षक, लहान गटांची वर्षभर चालणारी लीग.

आता हलगीचं. तुम्हाला हा विषय किरकोळ वाटेल.

हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. आम्ही गेटबाहेर कागद पेटवून ती तापवतो, बोटाने वाजवून बघतो, मगच आत जातो. चेंडू मध्यरेषेवर रेंगाळत असला की हलगी नुसती चालते. विंगर कडेने सुटला की टिपरू झरझर पडायला लागतं, घुमकं खालून उचलतं, कैताळ वर चढतं, आणि गॅलरीतले हजारो लोक न सांगता त्या लयीत येतात. फ्री किकला आम्ही थांबतो. पूर्ण. त्या दोन-चार क्षणांच्या शांततेत भिंतीत उभ्या पोरांचे श्वास ऐकू येतात असं वाटतं. खासबागेत चुलते हेच करायचे. पैलवान एकमेकांना अजमावत असले की संथ, डाव लागला की द्रुत. वाजवणाऱ्याला खेळ कळावा लागतो, नाहीतर हलगी नुसती वाजते. तुमच्या स्पीकरला खेळ कळत नाही. गोल बसला तरी त्याचं तेच गाणं, चुकला तरी तेच. आणि विजयाच्या मिरवणुकीत तोच डॉल्बी रात्री दहाची मर्यादा ओलांडून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या खिडक्या हलवतो.

हे गाव थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांचं आहे. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आणलं. देवल क्लबात, म्हणजे इथल्या जुन्या संगीतसंस्थेत, मी कधी वाजवलं नाही, वाजवणारही नाही, पण ज्या राजाने खाँसाहेबांना मान दिला त्याच्याच मैदानात माझ्या आजोबांनाही जागा होती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं, मीही होतो. सगळ्या पक्षांचे लोक आले, कलानगरीचा वारसा म्हणून बोलले. चांगलं बोलले. त्या नाट्यगृहाला लागूनच खासबाग आहे, आणि खासबागेतली हलगीही त्याच वारशातली. ती गेटवर अडवताना हे कुणाला आठवलं नाही.

आणखी एक, जे आमच्यातलेही मोठ्याने बोलत नाहीत. मिरवणुकीत सगळ्यात पुढं हलगीवाला चालतो. फोटोत तो नसतो. डॉल्बीवाल्याला आगाऊ रक्कम मिळते, हलगीवाल्याला रात्री उशिरा 'उद्या ये, बघू'. वाजवणारे कोणत्या वस्तीतून येतात हे तुम्हाला माहीत आहे, आणि उधारी त्यांच्याच वाट्याला का येते हेही. समतेच्या राजाच्या पुतळ्याला हार घालून झाला की यावर एकदा बोलू.

मागण्या अशा आहेत. एकही अशक्य नाही.

हयात नेत्याच्या नावाने चषक भरवणं बंद करा. जुन्या खेळाडूंची नावं द्या. प्रत्येक पेठेत अशी दहा तरी आहेत, आणि त्यांतले काही आज औषधाच्या पैशाला महाग आहेत. देणगीदार म्हणून तुमचं नाव पत्रिकेवर एका ओळीत येऊ द्या, आमची हरकत नाही. सत्कार सामना संपल्यावर.

प्रत्येक स्पर्धेच्या बक्षिसाइतकीच रक्कम खेळाडूंच्या उपचार निधीत पडली पाहिजे. त्याचा हिशेब दर महिन्याला स्टेडियमच्या दारावर लावा. डॉक्टर आणि रुग्णवाहिका आल्याशिवाय पहिली शिट्टी वाजू नये.

गांधी मैदानाचा निचरा कधी होणार, किती खर्चात आणि कुणाच्या जबाबदारीवर, हे महापालिकेच्या सभेत ठराव करून सांगा. 'लवकरच' हा शब्द नको. प्रत्येक पेठेत पोरांसाठी एक जागा अशी राखा जिथं सभा, प्रदर्शन, पार्किंग काही होणार नाही.

मुलींची लीग संध्याकाळच्या वेळेला, मुख्य मैदानावर. स्वच्छतागृहाला कडी. ही मागणी लेखी करावी लागते याची मला लाज वाटते, तुम्हालाही वाटावी.

दगड मारणाऱ्याला त्याच्या नावानिशी मैदानबंदी करा, मग तो आमच्या तालमीचा का असेना. एकासाठी अख्ख्या गॅलरीला शिक्षा नको. आणि चौकीत फोन करू नका, कुणाला सोडवायलाही नाही आणि कुणाला अडकवायलाही नाही. पोरांना वकील लागेल तर तालीम देईल, वर्गणी काढायची आम्हाला सवय आहे.

स्टेडियममध्ये स्पीकर फक्त सूचनांसाठी. हलगी, घुमकं, कैताळ, ताशा यांना परवानगी. मिरवणुकीत जो वाजवेल त्याची बिदागी आधी ठरवायची आणि त्याच रात्री हातात द्यायची.

नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणेल, हा विरोधी गटाचा माणूस आहे. कोणत्या गटाचा ते ठरवण्याआधी एवढं बघा की वरच्या यादीतली एकही गोष्ट एका पक्षाच्या फायद्याची नाही. तुम्ही सर्वपक्षीय व्यासपीठावर शेजारी शेजारी बसून बक्षीस वाटता, तसं याही कामाला शेजारी बसा.

हंगाम पावसाआधी संपेल. मैदानाचं काम उघडीप मिळाल्यावर सुरू करायचं तर पैसा आणि आराखडा आताच ठरवावा लागतो. पुढच्या हंगामाच्या पहिल्या मॅचला ही यादी घेऊन मी गॅलरीत येणार आहे. काय झालं आणि काय नाही ते मध्यंतरात वाचून दाखवू. त्याला स्पीकर लागणार नाही.

कळावे,
गॅलरीतला एक हलगीवाला
कोल्हापूर